मोडीत निघालेल्या अणुकेंद्राला नवी वीजव्यवस्था कशाला?

अणुभट्टी बंद झाली की वीजनिर्मिती थांबते, विजेची गरज मात्र थांबत नाही. भट्टी बंद केल्याच्या क्षणी गाभ्यात पूर्ण शक्तीच्या ६-७ टक्के उष्णता निर्माण होतच असते. दिवसभरात ती अर्ध्या टक्क्यापर्यंत उतरते, पुढची घसरण फार संथ. त्यामुळे वापरलेलं इंधन तलावात काही वर्षं ठेवून पाणी फिरवत राहावं लागतं. शिवाय किरणोत्सर्गी धूळ बाहेर जाऊ नये म्हणून हवा खेचणारे पंखे, किरणोत्सर्गमापक, अग्निसूचना यंत्रणा, क्रेन हे सगळं चालू हवं.

यासाठी लागणारी वीज जुन्या व्यवस्थेच्या क्षमतेपुढे अगदीच किरकोळ असते. अवाढव्य ट्रान्सफॉर्मर जवळपास रिकामे चालतात, ब्रेकरचे (दोष आला की आपोआप वीज तोडणाऱ्या स्विचचे) सुटे भाग मिळत नाहीत, आणि वर्षानुवर्षांच्या फेरफारांनंतर वीजजोडण्यांचे नकाशे विश्वासाचे राहत नाहीत. मोडतोडीत खरा घातक तो हा नकाशा. कामगार ‘बंद’ समजून केबल कापतो आणि ती जिवंत निघते.

म्हणून अनेक ठिकाणी उलटी वाट धरतात: आधी गरजेपुरती नवी व्यवस्था उभारायची आणि मग इमारतीची जुनी वीज सरसकट तोडायची. नवं उपकेंद्र दूषित भागाबाहेर ठेवतात. केबल भिंतीआड न नेता उघड्या ट्रेवरून, ठळक वेगळ्या रंगात नेतात. नियम सोपा होतो: त्या रंगाची केबल जिवंत, बाकीच्या मृत. तरी कापण्याआधी प्रत्येक केबल तपासायचीच, आणि टेस्टर आधी व नंतर ज्ञात जिवंत स्रोतावर लावून तो चालतोय याची खात्री करायची.

‘तोडायची’ म्हणजे नुसता ब्रेकर पाडायचा नाही, तर केबलचं टोक सोडवून हवेत स्पष्ट अंतर ठेवायचं. एकाच पॅनेलला अनेक वाटांनी वीज येते: मुख्य पुरवठा, बॅटरीवरचा ११० व्होल्ट डीसी कंट्रोल पुरवठा, दमटपणा घालवणारे हीटर, शेजारच्या पॅनेलमधून आलेला इंटरलॉक (एक यंत्र दुसऱ्याच्या स्थितीवर अवलंबून ठेवणारी जोडणी). मुख्य ब्रेकर उघडला तरी हे बाकीचे पुरवठे चालूच राहतात.

नव्या व्यवस्थेतला सर्वांत चकवणारा प्रश्न शॉर्टसर्किटच्या प्रवाहाचा. ४०० व्होल्टवर १००० केव्हीएचा, ५ टक्के इम्पिडन्सचा (प्रवाहाला होणाऱ्या अंतर्गत अडथळ्याचा) ट्रान्सफॉर्मर आपल्या टोकाशी सुमारे २९ हजार अँपिअर देऊ शकतो. त्याऐवजी २५० केव्हीएचा जनरेटर लावला, तर टिकून राहणारा प्रवाह साधारण हजारभर अँपिअरच असतो. जुना ६३० अँपिअरचा ब्रेकर दहापट प्रवाहाला, म्हणजे ६३०० ला तत्काळ पडणार असेल, तर दोष असूनही तो लगेच पडत नाही आणि केबल तापत राहते. त्यामुळे मुख्य पुरवठा आणि राखीव जनरेटर, दोन्ही स्थितींत रिलेची (दोष ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या उपकरणाची) गणितं नव्याने करावी लागतात. हे काम बऱ्याचदा शेवटी ढकललं जातं, आणि ते चूक आहे.

पुरवठा बदलताना भार, म्हणजे वीज वापरणारी यंत्रं, एकेक करून हलवतात. पंखे शेवटी, कारण ते थांबले की दूषित खोलीतला ऋण दाब (धूळ बाहेर जाऊ नये म्हणून बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला हवेचा दाब) जातो. जोडताना फेजची (तीन वीजतारांपैकी दोनची) अदलाबदल झाली तर मोटार उलटी फिरते. पण सेंट्रिफ्युगल पंखा उलटा फिरूनही हवा त्याच दिशेने ढकलतो, फक्त बरीच कमी. दिवा ‘चालू’ दाखवतो, आवाजही येतो. म्हणून पाहायचा तो दाबमापक आणि मोटारीचा प्रवाह.

तात्पुरत्या जोडण्या किती महागात पडतात, हे जपानच्या फुकुशिमा दाईइची अणुकेंद्रात दिसलं. १८ मार्च २०१३ रोजी ट्रकवर ठेवलेल्या तात्पुरत्या स्विचबोर्डात उंदीर शिरल्याने शॉर्टसर्किट झालं. युनिट १, ३, ४ आणि सामाईक तलावाचं शीतकरण थांबलं, आणि सगळं पूर्ववत व्हायला सुमारे २९ तास लागले. पाणी ६५ अंशांच्या मर्यादेपर्यंत पोचलं नाही, कारण इंधन तोवर बरंच थंडावलेलं होतं. केबल शिरते ती प्रत्येक फट सीलबंद करणं हे तसं कंटाळवाणं काम. पण ते जोडणीच्याच दिवशी उरकायचं.

उरतात जुनी यंत्रं. १९७० च्या दशकापर्यंतच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असण्याची शक्यता असते, म्हणून नमुना तपासल्याशिवाय तेल काढत नाहीत. जुन्या केबलच्या आवरणात शिसं, तर आगरोधक लेपात ॲस्बेस्टॉस सापडू शकतं. ट्रेवरची धूळ किरणोत्सर्गी असेल, तर केबल ओढून न काढता जागेवरच तुकडे करून पिशवीबंद करतात.