मूळ एमजीबी नेमकी कोणती? : एका ब्रिटिश मोटारीच्या दुरुस्तीमागचा आणि फेरफारांमागचा इतिहास

जुनी ब्रिटिश मोटार सांभाळणाऱ्यांमध्ये एक वाद वर्षानुवर्षे चालू आहे. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तशीच राखावी, की आजच्या रस्त्यांवर नीट चालावी म्हणून तिच्यात बदल करावेत? एमजीबी या दोन आसनी स्पोर्ट्स गाडीबाबत हा वाद घालण्याआधी तिचा इतिहास समजून घेणे आवश्यक आहे, कारण १९६२ ते १९८० या अठरा वर्षांत कारखान्यानेच तिच्यात इतके बदल केले की ‘मूळ’ या शब्दाला एकच एक अर्थ उरलेला नाही. आज मालक जे फेरफार करतात, त्यांतील बहुतेकांचे कारण एखाद्या ठरावीक वर्षी घेतल्या गेलेल्या ठरावीक निर्णयात सापडते.

एमजीबी ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यात जुळवली जात असे. तोपर्यंत एमजी ही मोटार कंपनी ऑस्टिन आणि मॉरिस यांच्या विलीनीकरणातून १९५२ साली उभ्या राहिलेल्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचा भाग झालेली होती आणि तिला स्वतःचे वेगळे इंजिन घडवण्याची मुभा नव्हती. त्यामुळे या गाडीत बसवले गेले ते घरगुती सलून (बंद छपराच्या) गाड्यांसाठी तयार झालेले बी-सिरीज इंजिन. ही मर्यादाच पुढे वरदान ठरली. ज्या इंजिनाचे सुटे भाग देशभरातील साध्या गॅरेजांमध्ये सहज मिळत होते, ते इंजिन स्पोर्ट्स गाडीत असल्यामुळे तिची दुरुस्ती कोणत्याही अनुभवी मिस्त्रीच्या आवाक्यात राहिली. सुरुवातीच्या एमजीबीत क्रँकशाफ्टला (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) तीन बेअरिंगांचा आधार होता. १९६४ साली ऑस्टिन १८०० या कुटुंबाच्या गाडीसाठी पाच बेअरिंगांचे इंजिन तयार झाले आणि तेच एमजीबीलाही मिळाले. स्पोर्ट्स गाडीची सुधारणा अशी सलून गाडीच्या मार्गाने आली.

या इंजिनाच्या मापांतही जुन्या काळाचा ठसा आहे. ब्रिटनमध्ये १९२० च्या दशकापासून मोटारीवरचा वार्षिक कर ज्या ‘अश्वशक्ती’वर ठरत असे, तिच्या सूत्रात सिलिंडरांची संख्या आणि सिलिंडरचा व्यास एवढेच धरले जाई आणि पिस्टनचा प्रवास किती लांब आहे, याला त्यात स्थानच नव्हते. साहजिकच ब्रिटिश अभियंते अरुंद सिलिंडर आणि लांब स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) असलेली इंजिने बनवू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर ही करपद्धती गेली, पण सवय लगेच गेली नाही. १९४७ साली ऑस्टिन ए४० मध्ये आलेल्या १२०० सीसी इंजिनाचा स्ट्रोक सुमारे ८८.९ मिलिमीटर होता आणि १७९८ सीसीच्या एमजीबीतही तो तेवढाच आहे. वाढला तो केवळ व्यास, साधारण ६५.५ वरून ८०.२६ मिलिमीटरपर्यंत. म्हणून हे इंजिन कमी फेऱ्यांवर दमदार ओढते आणि फार वेगाने फिरवले तर थकते. ताकद वाढवण्यासाठी केवळ उच्च फेऱ्यांवर चालणारा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) बसवणारा माणूस इंजिनाच्या या स्वभावाविरुद्ध जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. सिलिंडर हेडच्या वाटा गुळगुळीत करणे आणि दाबाचे प्रमाण मर्यादित वाढवणे या जुन्या, सौम्य उपायांचा उपयोग अधिक होतो.

कोणताही बदल केला की पाळी येते ती हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटरची. बहुतेक एमजीबींवर दोन एसयू कार्ब्युरेटर असतात. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. पादत्राणांच्या व्यापारातील स्किनर घराण्यातल्या बंधूंनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या कार्ब्युरेटरची कल्पना विकसित केली आणि आरंभीच्या नमुन्यांत आजच्या पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता, हे त्या घराण्याच्या व्यवसायाला साजेसेच म्हणावे लागेल. याचे तत्त्व असे की इंजिन जितकी हवा ओढते तितका पिस्टन वर उचलला जातो, त्याच्याबरोबर निमुळती सुई जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रातून, वर येते आणि हवेच्या प्रमाणात पेट्रोलची वाट मोठी होते. इंधनाचे सारे गणित त्या एका सुईच्या उतारात साठवलेले असते. म्हणूनच वेगळा एअर फिल्टर किंवा वेगळा एक्झॉस्ट बसवला की सुई बदलण्याचा विचार करावा लागतो. मिश्रण तपासण्याची पद्धतही साधी आहे. इंजिन मंद चालू असताना पिस्टन अगदी किंचित, जेमतेम एक मिलिमीटर, वर उचलावा. फेऱ्या वाढल्या आणि वाढलेल्याच राहिल्या तर पेट्रोल जास्त आहे, इंजिन मरू लागले तर कमी आहे, आणि फेऱ्या क्षणभर वाढून स्थिरावल्या तर मिश्रण योग्य आहे. कोणत्याही उपकरणाशिवाय, केवळ कानाने करता येणारी ही परीक्षा आजही तितकीच विश्वासार्ह आहे.

हत्यारांबाबतही एक गैरसमज दूर करायला हवा. ब्रिटिश गाडी म्हटली की व्हिटवर्थ मापाचे पाने लागणार, असे अनेक जण धरून चालतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेली ५५ अंशांच्या आट्यांची पद्धत ब्रिटनमध्ये शंभर वर्षे प्रमाण होती, हे खरे आहे. परंतु महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या यंत्रांचे नट-बोल्ट एकमेकांना बसत नसल्याचा फटका सर्वांना बसला होता. त्यातून १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांचे एकीकृत आटे स्वीकारले, आणि एमजीबी मुख्यतः त्याच आट्यांवर उभी आहे. तिच्याआधीच्या टी मालिकेतील एमजी गाड्यांची कहाणी अधिक विलक्षण आहे. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच कंपनीने कॉव्हेंट्रीत शस्त्रनिर्मितीचा कारखाना काढला, युद्धानंतर तो इंजिने बनवू लागला आणि १९२३ मध्ये मॉरिस यांनी तो विकत घेतला. तिथली यंत्रे फ्रेंच मापांची असल्याने त्या इंजिनांच्या बोल्टांचे आटे मेट्रिक राहिले, पण ब्रिटिश मिस्त्रींचे पाने चालावेत म्हणून डोकी व्हिटवर्थ मापाची ठेवली गेली. अशा बोल्टच्या जागी दुकानातला दिसायला सारखा बोल्ट जबरदस्तीने पिळला, तर इंजिनाचे आटे कायमचे जातात.

विजेच्या जोडणीत १९६७ हे वर्ष महत्त्वाचे आहे. तोपर्यंत गाडीत डायनॅमो होता आणि बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. त्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत अल्टरनेटर आला आणि ऋण टोक सांगाड्याला जोडले जाऊ लागले. जुन्या गाडीला आधुनिक उपकरण जोडण्याआधी तिची जोडणी कोणती आहे, हे तपासलेच पाहिजे, कारण उलट जोडणीत अर्धवाहक भाग तत्काळ जळतात. याच आवृत्तीत पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (गिअर खरखर न करता बसू देणारी यंत्रणा) मिळाला. लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर) ऐच्छिक म्हणून आधीपासून उपलब्ध होता, आणि लांबच्या मोटरवे प्रवासात इंजिनाला विसावा देणारा त्याच्यासारखा दुसरा भाग नाही. आज पाच गिअरचा आधुनिक गिअरबॉक्स बसवण्याचा प्रघात आहे, तरी चालू स्थितीतील ओव्हरड्राइव्ह असेल तर तो काढण्याचे कारण मला दिसत नाही.

एमजीबीचा खरा शत्रू मात्र गंज आहे, आणि त्याचे मूळ तिच्या रचनेत आहे. तिच्या आधीच्या एमजीएला वेगळी चॅसी होती. एमजीबीत पत्र्याचे शरीर हाच सांगाडा झाला. उघड्या गाडीला छपराचा आधार नसल्याने दारांखालच्या पोकळ पट्ट्यांवर, म्हणजे सिलवर, बराचसा भार येतो. बाहेरचा सिल, आतला सिल आणि त्यांच्या तळाशी असलेली कॅसल रेल ही पत्र्याची पट्टी हे तिन्ही भाग एकत्र काम करतात. पाणी आणि रस्त्यावरचे मीठ आत साचले की गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे बाहेरचा पत्रा फुगलेला दिसेपर्यंत आतला बहुधा संपलेला असतो. ब्रिटनमध्ये १९६० पासून जुन्या मोटारींची अनिवार्य तपासणी सुरू झाली. सुरुवातीला ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना लागू होती आणि १९६७ पर्यंत ही मर्यादा तीन वर्षांवर आली. पुढे तपासणीचे निकष कडक होत गेले, आणि गंजलेला सिल हे गाडी नापास होण्याचे नेहमीचे कारण बनले. अनेक मालकांनी जुन्या सिलवर नवा पत्रा चिकटवून वेळ मारून नेली. आज गाडी उघडल्यावर सापडणारे हे थर म्हणजे त्या काळातील तपासणीच्या तारखांची नोंदच असते. असे काम नव्याने करताना गाडी चारही बाजूंनी समतल टेकवणे आणि दारे बसवलेली ठेवून त्यांच्या फटींवर सतत लक्ष ठेवणे अत्यावश्यक आहे. सिल कापल्यावर गाडी मध्ये किंचित जरी वाकली, तरी ती वाकलेल्या स्थितीतच वेल्ड होते आणि मग दार कधीच नीट लागत नाही.

या संकटातून अनेक गाड्या वाचल्या त्या ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेमुळे. एमजीची तेव्हाची मालक कंपनी ब्रिटिश लेलँडने १९७५ मध्ये आपला वारसा जपण्यासाठी स्थापन केलेल्या या संस्थेने जुने साचे शोधून काढले आणि १९८८ मध्ये फॅरिंग्डन येथे एमजीबीचे संपूर्ण नवे शरीर बनवायला सुरुवात केली. उत्पादन थांबून आठ वर्षे झालेल्या गाडीचे शरीर मूळ साच्यांतून पुन्हा दाबून निघावे, ही घटना मोटार-जतनाच्या इतिहासात फार मोलाची आहे. गाडी भंगारात काढण्याऐवजी तिचे यंत्रभाग नव्या शरीरात हलवता येऊ लागले. त्याच शरीराच्या आधारे रोव्हरने १९९२ मध्ये व्ही८ (V आकारात आठ सिलिंडर असलेल्या) इंजिनाची एमजी आरव्ही८ सादर केली. तिच्या सुमारे दोन हजार प्रती तयार झाल्या आणि बहुसंख्य जपानला गेल्या.

व्ही८ चा विषय निघाला म्हणून थोडे मागे जायला हवे, कारण फेरफारांच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण तेच आहे. अधिक ताकदीसाठी कंपनीने १९६७ मध्ये सहा सिलिंडरांचे २९१२ सीसीचे बिडाचे इंजिन घालून एमजीसी काढली. इंजिन जड होते, पुढचा भार वाढला, वळणावर गाडी जड वाटते अशी टीका झाली, आणि सुमारे नऊ हजार गाड्यांनंतर १९६९ मध्ये ती बंद पडली. त्यानंतर केन कॉस्टेलो या शर्यतपटूने स्वतःच्या बळावर एमजीबीत रोव्हरचे ३५२८ सीसीचे व्ही८ इंजिन बसवायला सुरुवात केली. मुळात अमेरिकेतील ब्युइकचे असलेले हे इंजिन ॲल्युमिनियमचे होते, त्यामुळे आठ सिलिंडर असूनही त्याचे वजन बी-सिरीजपेक्षा फारसे जास्त भरत नव्हते. बाहेरच्या माणसाचा हा प्रयोग कंपनीने पाहिला आणि १९७३ मध्ये स्वतःची बंद छपराची जीटी व्ही८ आणली. १९७६ पर्यंत तिच्या २,५९१ गाड्या निघाल्या. म्हणजे या बाबतीत मालकांच्या बाजूने झालेला फेरफार आधी आला आणि कारखान्याने त्याचे अनुकरण केले.

याउलट १९७४ च्या शरद ऋतूतील बदल कारखान्याने परिस्थितीच्या दबावाखाली केला. बहुसंख्य एमजीबी अमेरिकेत विकल्या जात होत्या आणि तिथल्या नव्या नियमांसाठी क्रोम बंपर जाऊन काळे, जाड ‘रबर’ बंपर आले. गाडीची उंचीही सुमारे दीड इंचाने वाढवली गेली. त्यातच काही काळ पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) काढला गेला, त्यामुळे वळणावर गाडी कलू लागली, आणि १९७७ सालासाठीच्या गाड्यांत पुढे व मागे दोन्हीकडे बार बसवून ही चूक सुधारावी लागली. आज उत्तरकालीन गाडीची उंची कमी करणारा किंवा तिला क्रोम बंपर बसवणारा मालक तिला विद्रूप करत नाही, तर ती जशी आखली गेली होती त्याच्या जवळ नेतो. तरीही रबर बंपरची गाडी तशीच जपणाऱ्यांचे म्हणणेही मी मान्य करतो, कारण तोही त्या काळाचा दस्तऐवज आहे.

इंधनाने पुढचे बदल लादले. शिशाचे पेट्रोल ब्रिटनमध्ये १९९९ च्या अखेरीस सर्वसाधारण विक्रीतून गेले. बिडाच्या हेडमधील व्हॉल्व्हच्या बैठकींना शिशाचा थर झिजेपासून वाचवत असे, आणि तो नाहीसा झाल्याने दीर्घ वेगवान प्रवासात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बैठकीत रुतत जाण्याचा धोका निर्माण झाला. त्यावर कायमचा उपाय म्हणजे कठीण धातूच्या बैठकी बसवणे. हेड दुसऱ्या कारणाने उतरवला असेल तेव्हाच हे काम करून घेणे शहाणपणाचे आहे. २०२१ मध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल ग्रेट ब्रिटनमध्ये प्रमाण झाले. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबरी नळ्यांना कमकुवत करते, म्हणून नळ्या बदलणे आणि पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले उच्च दर्जाचे पेट्रोल वापरणे हे निगेचे नियमित अंग झाले आहे.

कायद्यानेही आता या इतिहासाची दखल घेतली आहे. मे २०१८ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळते, मात्र गेल्या ३० वर्षांत गाडीत मोठे मूलभूत बदल झालेले नसावेत, अशी अट आहे. सिलिंडरांची संख्या बदलणे हा सामान्यतः मोठा बदल समजला जातो. परंतु त्या प्रकारच्या गाडीला कारखान्याने पर्याय म्हणून दिलेले इंजिन त्यात मोडत नाही, आणि गाडीचे उत्पादन चालू असताना किंवा ते थांबल्यावर दहा वर्षांच्या आत त्या प्रकारचे बदल केले जात होते, असे दाखवता आले तर तेही चालतात. त्यामुळे चार सिलिंडरांच्या एमजीबीत रोव्हरचे व्ही८ बसवलेल्या मालकासाठी जुनी बिले, त्या काळची छायाचित्रे आणि कारखान्याच्या नोंदी यांचे महत्त्व वाढले आहे. पाने आणि सुया ठेवण्याच्या पेटीशेजारी अशा कागदांची एक फाईल ठेवणे, हाही आता गाडीच्या निगेचाच भाग आहे.