सांबऱ्याहून एटीआर, मुंबईहून ७७७: हे ठरतं कसं?

सांबरा विमानतळाचा विषय निघाला की बेळगावात एक प्रश्न हमखास येतो: इथून थेट परदेशी विमान का नाही? उत्तराला लगेच राजकारण चिकटतं. त्यात तथ्य नसेलच असं नाही, पण त्याच्या आधी वजनाचं आणि वेळेचं साधं गणित आहे. तेच गणित मुंबईहून लंडनला कुठलं विमान जाईल आणि न्यूयॉर्कला कुठलं, हेही ठरवतं.

सुरुवातीला विमान मार्गासाठी निवडत नसत, विमानाच्या टाकीवरून मार्ग आखला जाई. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं, १९७१ मध्ये ७४७. वेग वाढला, खुर्च्या वाढल्या, थांबे कमी झाले. निवडीला मात्र फारसा वाव नव्हता, कारण लांबच्या समुद्री मार्गांवर एक नियम आडवा येत होता.

१९५३ साली अमेरिकेत ठरलं की दोन इंजिनांच्या विमानाने, एक इंजिन बंद पडलं तरी ६० मिनिटांत विमानतळ गाठता येईल एवढ्याच टप्प्यात उडायचं. एका इंजिनावर जेटला तासाभरात साधारण ७५० किलोमीटर कापता येतात. नकाशावर प्रत्येक विमानतळाभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं की महासागर बराचसा कोराच राहतो. पिस्टन इंजिनं वारंवार बंद पडत, त्यामुळे तेव्हा हा नियम रास्तच होता. म्हणूनच डीसी-१०, ट्रायस्टार ही तीन इंजिनांची विमानं जन्माला आली आणि चार इंजिनांचं ७४७ दोन दशकं लांब मार्गांवर राज्य करत राहिलं.

जेट इंजिनं भरवशाची ठरली तसा नियम सैल झाला. १९८५ मध्ये १२० मिनिटांची मुभा मिळाली आणि टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं दोन इंजिनांचं बोइंग ७६७ बोस्टनहून पॅरिसला गेलं. १९८८ मध्ये मुभा १८० मिनिटांवर गेली, १९९५ मध्ये ७७७ सेवेत येतानाच ती घेऊन आलं. आज बोइंगच्या ७८७ ला ३३० आणि एअरबसच्या ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंत परवानगी आहे. दोन इंजिनांवर तेच काम होत असेल तर चार इंजिनांचं इंधन आणि देखभाल कोण सोसणार? ए३४० चं उत्पादन २०११ मध्ये थांबलं, ए३८० चं २०२१ मध्ये, आणि शेवटचं ७४७ जानेवारी २०२३ मध्ये ग्राहकाच्या ताब्यात दिलं गेलं.

आता प्रश्न बदलला. ‘पोचतं का’ याऐवजी ‘किती वजन घेऊन पोचतं’ हे बघायचं. कंपनीच्या जाहिरातीतला पल्ला इथे फसवतो, कारण पल्ला आणि भार एकाच टनांतून कापायचे असतात. ७७७-३००ईआर घ्या. उड्डाणाचं कमाल वजन साधारण ३५१ टन. रिकामं विमान, कर्मचारी आणि जेवणखाण धरून सुमारे १६८. मुंबई–न्यूयॉर्क हे १२,५०० किलोमीटरांचं, पंधरा-सोळा तासांचं उड्डाण; राखीव धरून इंधन १२६ टनांच्या आसपास. उरले ५७ टन. हातातल्या बॅगेसह माणूस ८० किलो आणि सामान ४० किलो धरलं, तर ३४० प्रवाशांचे ४१ टन. (अमेरिकेत लेकीकडे निघालेल्या आईच्या बॅगेत कुंदा आणि गोकाकचा करदंट असतो, ४६ किलोची मुभा आपल्याकडे कोणी वाया घालवत नाही.) म्हणजे विमानाच्या पोटात मालासाठी १६ टन राहिले. बरेचदा उड्डाणाचा नफा याच मालातून निघतो.

हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना समोरचा वारा तास वाढवतो. शेवटच्या तासाला सहा-सात टन इंधन लागत असलं, तरी ते पंधरा तास वाहून नेण्यातच आणखी इंधन जळतं, त्यामुळे निघताना नऊ-दहा टन जादा भरावे लागतात. १६ टनांचा माल सहावर येतो. आणखी एक वळसा पडला की माल शून्य, मग खुर्च्या रिकाम्या ठेवायची वेळ येते. हे गणित वर्षातल्या वाईट दिवसांवर करायचं असतं. सरासरी दिवसावर विमान निवडलं तर जानेवारीत सामान मागे राहतं आणि प्रवासी तिकडे सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळत उभा राहतो.

दुसरं गणित परतीच्या वेळेचं. मुंबई–लंडन जाताना दहा तास, येताना नऊ. दोन्हीकडे दोन-दोन तास जमिनीवर. तेवीस तासांत फेरी पुरी, म्हणजे रोजच्या सेवेला एक विमान ओढूनताणून पुरतं. न्यूयॉर्कची फेरी थांब्यांसह सदतीस तासांच्या आसपास जाते, म्हणजे रोजच्या सेवेला दोन विमानं अडकतात आणि मधे अकरा तास उरतात. ते देखभालीला जातात, नाहीतर एखादी आखाताची किंवा दिल्लीची फेरी मारून घेतात. मुंबई–दिल्लीच्या दोन तासांच्या प्रवासाला कधी कधी भलंमोठं ७८७ लागलेलं दिसतं, त्याचं गुपित बहुधा हेच. वर सोळा तासांच्या उड्डाणाला चार वैमानिक आणि त्यांना झोपायला बिछाने लागतात. ते त्या विमानात बसवलेले नसतील तर पल्ला असूनही उपयोग नाही.

लंडनच्या हीथ्रोला उतरायच्या वेळाच इतक्या दुर्मिळ की मिळालेल्या वेळेवर मोठं विमान पाठवणं परवडतं. ८० टक्के वेळा वापरली नाही तर ती वेळ हातची जाते.

ठरवलेलं बिघडतं तेही सांगायला हवं. २०१८ मध्ये ७८७ च्या काही रोल्स-रॉइस ट्रेंट १००० इंजिनांच्या कॉम्प्रेसरमध्ये दोष निघाले आणि त्यांची मुभा ३३० वरून १४० मिनिटांवर आणली गेली. विमान तेच, पण सरळ समुद्रावरून जायची सोय गेली. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही उड्डाणांना व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागलं, आणि दिल्ली–वॉशिंग्टन सेवा सप्टेंबर २०२५ पासून थांबली. मुंबई-बेंगळुरूला झळ त्या मानाने कमी, कारण तिथून अरबी समुद्रावरून निघता येतं.

आता सांबरा. १९४२ मध्ये ब्रिटिश हवाईदलाने उभारलेल्या या तळाची धावपट्टी आज २,३०० मीटर आहे आणि उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७५८ मीटर. एप्रिलच्या दुपारी पारा ३६ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाला ती सुमारे १,७०० मीटर उंचीवरच्या हवेसारखी लागते. पंखांना उचल कमी, इंजिनांना जोर कमी, म्हणून धाव लांब. बेंगळुरू याहून उंच, ९१५ मीटरवर, पण तिथली धावपट्टी ४,००० मीटर आहे. म्हणून जानेवारी २०२१ मध्ये बेंगळुरू–सॅन फ्रान्सिस्को सेवा सुरू करता आली, तीही २३८ खुर्च्यांच्या ७७७-२००एलआरने, म्हणजे खुर्च्यांवर पाणी सोडून पल्ला घेणाऱ्या विमानाने.

सांबऱ्याला २३ टनांचं, बाहेर फिरत्या पात्यांचं छोटं एटीआर किंवा ५० खुर्च्यांचं एम्ब्रेअर मजेत उडतं. ए३२० ही उतरतं. ८,७०० किलोमीटर पल्ल्याचं नवं ए३२१एक्सएलआर पंखांच्या मापाने इथे उभं राहू शकेल, पण १०१ टन पूर्ण भरून या धावपट्टीवरून एप्रिलच्या दुपारी उठणार नाही. दुबई मात्र दोन हजार किलोमीटरांच्या थोडंच पुढे. तिथे जायला ए३२० ची टाकी अर्धीसुद्धा लागत नाही, आणि पहाटे निघालं तर हवाही साथ देते. म्हणजे आखातापुरतं अडतं ते इमिग्रेशन-कस्टम्सच्या सोयीपाशी, आणि बेळगाव, निपाणी, खानापूर, चंदगड मिळून प्रत्येक फेरीला दीडशे माणसं भरतात का, यापाशी.