नेट झिरो कार्यालये: आधी बचत, मग सोलर

वर्षभरात जेवढी वीज वापरली तेवढी स्वतःच्या आवारात तयार करणारी इमारत म्हणजे नेट झिरो. दुपारची जादा वीज ग्रिडला द्यायची, ऊन उतरल्यावर परत घ्यायची. वर्षाचा हिशेब शून्यावर यायला हवा. बंगल्याला हे त्या मानाने सोपे. कार्यालयाचे मजले वाढतात, गच्ची मात्र तेवढीच राहते. खरी अडचण इथे आहे.

आपल्याकडे आयटीच्या भरभराटीत काचेच्या इमारतींची लाट आली. उन्हाच्या देशात काच लावायची आणि आत आलेली उष्णता एसीने बाहेर काढायची, हा उफराटा व्यवहार होता. 2001 मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला, 2007 मध्ये व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संहिता आली. दरम्यान 2004 मध्ये हैदराबादला सीआयआय या उद्योगांच्या संघटनेचे सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर उभे राहिले. चौक आणि हवा आत घेणारे मनोरे ही जुनी हिकमत तिथे पुन्हा कामाला लावली गेली. पुण्यात हडपसरचे सुझलॉन वन अर्थ, म्हणजे पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉन कंपनीचे मुख्यालय, 2009 चे. तिथे आवारातच पवनचक्क्या आणि सोलर आहेत, पण त्यांची क्षमता सुमारे 154 किलोवॅट, म्हणजे गरजेचा लहानसा वाटा.

हिशेब शून्यावर आणण्याचा मोठा सरकारी प्रयत्न दिल्लीत झाला. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने जोरबागला बांधलेल्या पर्यावरण मंत्रालयाच्या इंदिरा पर्यावरण भवनाचे उद्घाटन फेब्रुवारी 2014 मध्ये झाले. गच्चीवर 930 किलोवॅटचे सोलर आहे. गच्ची पुरेना म्हणून पॅनेल भिंतींच्या बाहेर झुकलेली आणि मधल्या चौकावर पसरलेली दिसतात. पण माझ्या मते महत्त्वाचे काम खाली झाले आहे. मधल्या चौकामुळे बहुतेक खोल्यांत दिवसाउजेड पोहोचतो. छतातल्या चिल्ड बीममधून, म्हणजे खोली गार करणाऱ्या नळ्यांच्या पट्ट्यांमधून, थंड पाणी फिरते, त्यामुळे मोठमोठे पंखे चालवून थंड हवा ढकलावी लागत नाही. एसीची काही उष्णता सुमारे 80 मीटर खोल बोअरमधून जमिनीत सोडली जाते, तेवढे कूलिंग टॉवरचे, म्हणजे एसीची उष्णता वाफेवाटे हवेत सोडणाऱ्या मनोऱ्याचे, पाणी वाचते. ही काटकसर आधी झाली नसती, तर 930 किलोवॅट कुठल्या कुठे कमी पडले असते.

100 किलोवॅट किंवा अधिक जोडभाराच्या (मंजूर वीजजोडणीच्या क्षमतेच्या) व्यापारी इमारती संहितेच्या कक्षेत आधीच होत्या; ऊर्जा संवर्धन कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने निवासी इमारतींचीही दारे उघडली. संहितेचा रोख मात्र नव्या बांधकामावर आहे. आधीच उभ्या असलेल्या काचेच्या कार्यालयांचे काय करायचे, याकडे आता गांभीर्याने बघायला हवे.