सिमेंटचे पत्रे आणि घराचा विमा

‘सिमेंटचे पत्रे म्हणजे कच्चं घर, त्याचा विमा होत नाही,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे.

१ एप्रिल २०२१ पासून लागू असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत कच्च्या बांधकामाची व्याख्या आहे. लाकडी फळ्या, झावळ्या, गवत, बांबू, प्लॅस्टिक, ताडपत्री अशा वस्तूंच्या भिंती किंवा छप्पर. सिमेंटचे पत्रे ज्याचे असतात त्या ॲसबेस्टॉस सिमेंटचं नाव त्यात नाही; तो पत्रा जळतही नाही. प्रस्ताव अर्जात छताचा प्रकार मात्र खरा लिहा. ‘स्लॅब’ लिहून मोकळं झालात, तर दाव्याच्या वेळी तेच अंगाशी येतं.

दावा अडतो तो बहुधा दुसऱ्याच कारणानं. वादळानं पत्रा फुटला तर भरपाई मिळते, पण झीज पॉलिसीबाहेर असते. पत्रा छताच्या सांगाड्याला धरून ठेवणारा जे-हुक बोल्ट करकचून आवळला की भोकापासून बारीक तडा निघतो. त्यात शेवाळ धरलं असेल, तर सर्व्हेअर, म्हणजे दाव्यातलं नुकसान तपासणारा, तडा जुना ठरवणार, आणि त्यात त्याचं चुकत नाही. म्हणून दर मे महिन्यात बोल्टांच्या ओळीचे फोटो शिडीवरूनच काढा. पत्र्यावर पाय देऊ नका, तो माणसाचं वजन पेलत नाही.

फुटल्यावर आधी फोटो, मग कंपनीला कळवणं. तुकडे झाडू नका. पाणी शिंपडून ओले करा, जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत भरा आणि सर्व्हेअर येईपर्यंत ठेवा. सुका चुरा उडाला की ॲसबेस्टॉसचे तंतू फुप्फुसात जातात. मलबा हलवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंतच मिळतो.