सलग शंभर वेळा कॉम्बो जमला, म्हणजे पक्का झाला?

फायटिंग गेम खेळणाऱ्यांत एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: ट्रेनिंग मोडमध्ये कॉम्बो (एकामागोमाग जोडलेल्या फटक्यांची मालिका) सलग शंभर वेळा काढा, मग सामन्यात तो चुकणारच नाही. चुकलाच, तर बोटं कच्ची.

हे अर्धंच खरं. बोटांना सराव लागतोच. हे गेम बहुतेक सेकंदाला ६० फ्रेमने चालतात, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची, आणि ‘स्ट्रीट फायटर ४’मधल्या काही लिंकना, म्हणजे एक फटका संपताच पुढचा जोडण्याला, तेवढीच मुभा होती. पण शंभराच्या त्या फेरीत सगळं आधीच ठरलेलं असतं: कॉम्बो तोच, समोरचा डमी जागचा हलत नाही, सुरुवात तुमच्या सोयीने. सामन्यात मात्र पहिला फटका लागला की ब्लॉक झाला हे ओळखायचं, अंतर पाहायचं, मग कॉम्बो निवडायचा. बरेचदा घोळ इथेच होतो आणि दोष बोटांना (किंवा बिचाऱ्या कंट्रोलरला) मिळतो.

शे आणि मॉर्गन या संशोधकांच्या १९७९च्या प्रयोगात हातांच्या हालचाली आलटूनपालटून शिकणारे सरावात मागे पडले, पण नंतरच्या चाचणीत एकेक हालचाल घोटणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. म्हणून डमीचा ब्लॉक ‘रँडम’वर ठेवा, बाजू आणि अंतर बदलत राहा; फटका लागला तर कॉम्बो पुढे न्या, अडला तर थांबा. सलग जमण्याचा आकडा घसरेल. घसरू द्या. आणि स्पर्धेत अवघड कॉम्बोऐवजी थोडं कमी डॅमेज देणारा सोपा कॉम्बो वापरण्यात कमीपणा नाही. मध्येच तुटलेला कॉम्बो समोरच्याला आयती संधी देतो.