खाडीचे पोट कशावर भरते

नदी जिथे समुद्राला मिळते तिथला चिखल ओहोटीला उघडा पडला की काळा, कुजका दिसतो. त्याच चिखलात खेकडे, शंख, शिंपले आणि किडे खच्चून भरलेले असतात. भरती चढली की मासे तिथेच चरायला येतात. पण आजूबाजूचे हिरवे गवत फारसे कोणी खाताना दिसत नाही. मग एवढ्यांचे पोट भरते कशावर? शंभराहून अधिक वर्षांत या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले आहे.

पहिले ठोस उत्तर डेन्मार्कहून आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सी. जी. योहान्स पीटरसन यांनी समुद्रतळाचा ठरावीक मापाचा तुकडा उचलून आणणारा पंजा वापरात आणला. आता किती जागेत किती जीव आहेत, हे मोजता येऊ लागले. पीटरसन यांचा निष्कर्ष असा, की उथळ पाण्यात तळाच्या जीवांचे मुख्य अन्न प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, नसून ईलग्रास या सागरी गवताचा कुजलेला चुरा आहे. पुढे १९३०च्या दशकात रोग येऊन उत्तर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरचे बहुतेक ईलग्रास मेले. हिशेब बरोबर असता तर तळाचे जीव आणि त्यांच्यावर जगणारे मासे कोसळायला हवे होते. अपेक्षेइतके ते कोसळले नाहीत. चुऱ्याला पीटरसन यांनी जास्तच महत्त्व दिले होते. तरी मेलेल्या वनस्पतीकडे अन्न म्हणून पाहायला त्यांनी शिकवले, आणि माझ्या मते ते श्रेय चुकीपेक्षा मोठे आहे.

दरम्यान मोजण्याचे मापच बदलले. १९४२ मध्ये रेमंड लिंडमन यांनी मिनेसोटातल्या एका छोट्या तळ्याविषयी लिहिताना एका पोषणपातळीवरून, म्हणजे अन्नसाखळीच्या एका पायरीवरून, वरच्या पातळीवर किती ऊर्जा पोचते, हा प्रश्न मध्यभागी आणला. निबंध छापून येण्याआधीच ते ऐन तारुण्यात वारले.

ही पद्धत खाडीत रुजली ती अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या सॅपेलो बेटावर. तिथल्या विद्यापीठीय सागरी केंद्रामागे परिसंस्थाशास्त्रज्ञ युजीन ओडम यांचा पुढाकार होता. १९६२ मध्ये जॉन टील यांनी तिथल्या खाजणाचा, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याने भिजणाऱ्या गवताळ दलदलीचा, ऊर्जेचा जमाखर्च मांडला. खाजणात वाढणाऱ्या स्पार्टिना गवताने साठवलेल्या ऊर्जेचा सर्वांत मोठा भाग ते गवत स्वतःच श्वसनात खर्च करत होते. त्याखालोखाल जिवाणू होते; प्राण्यांचा वाटा जिवाणूंच्या जेमतेम एक-सप्तमांश होता. आणि गवताचा स्वतःचा खर्च वजा जाता उरलेल्या उत्पादनापैकी सुमारे ४५ टक्के भाग तिथल्या जीवांना मिळण्याआधीच भरती-ओहोटी वाहून नेत होती. मात्र हा आकडा वाहत्या पाण्यात मोजलेला नव्हता. जमेतून खर्च वजा जाता जे उरले, ते समुद्रात गेले असे धरले होते.

त्याच शिलकेवर मोठी कल्पना उभी राहिली. १९६८ मध्ये ओडम यांनी मांडले की सुपीक खाजणे बाहेरच्या समुद्राला पोसतात. खाजणांत भराव घालण्याच्या त्या काळात या विचाराला वजन आले. १९७० मध्ये जॉर्जियात खाजणांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण १९८० मध्ये स्कॉट निक्सन यांनी तोवरची मोजमापे एकत्र तपासली तेव्हा चित्र विस्कळीत निघाले. काही खाजणे देत होती, काही उलट घेत होती.

त्याआधी कार्बननेही साक्ष दिली होती. स्पार्टिनात जड कार्बनचे, म्हणजे कार्बन-१३चे प्रमाण प्लवकापेक्षा जास्त असते, त्यामुळे अन्नाचा माग काढता येतो. १९७०च्या दशकात एव्हलिन हेन्स यांना जॉर्जियाच्या खाड्यांत तरंगणाऱ्या कणांतला कार्बन गवतापेक्षा प्लवकाच्या जवळचा आढळला. मग चिखलावरच्या सूक्ष्म शैवालांकडेही नव्याने लक्ष गेले. हे शैवाल डोळ्यांत भरत नाही, पण खायला सोपे आणि पौष्टिक असते.

तरीही सगळे खालूनच, म्हणजे अन्न किती उगवते यावरूनच ठरते, हे गृहीतक टिकून होते. त्याला धक्का २००२ मध्ये ब्रायन सिलिमन आणि मार्क बर्टनेस यांनी दिला, तोही सॅपेलोवरच. स्पार्टिनावर राहणाऱ्या गोगलगाईंची संख्या वाढवली तेव्हा हिरवेगार खाजण आठ महिन्यांत उघडा चिखल झाले. एरवी निळे खेकडे आणि इतर भक्षक या गोगलगाईंना आवरतात. गवत कोणी खातच नाही, हा समज तिथे मोडला. २००५ मध्ये सिलिमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर सुकत गेलेल्या खाजणांत दुष्काळ आणि गोगलगाई यांचा जोडीचा मारा दाखवून दिला: दुष्काळाने गवत आधी खंगले, मग गोगलगाईंच्या झुंडींनी ते फस्त केले.