व्यसनाधीनता व व्यसनमुक्ती

पदार्थसेवनावरचा अथवा एखाद्या कृतीवरचा ताबा सुटणे, अपाय दिसत असूनही ती चालू राहणे आणि तिच्यापुढे बाकीचे व्यवहार मागे पडणे, या अवस्थेस व्यसनाधीनता म्हणतात. तलफ, वाढत जाणारी मात्रा व सेवन थांबताच होणारा त्रास ही तिची परिचित लक्षणे होत.

‘व्यसन’ हा शब्द मुळात इतका संकुचित नव्हता. ‘वि’ उपसर्ग व ‘अस्’ (फेकणे) हा धातू अशी त्याची व्युत्पत्ती दिली जाते. कौटिलीय अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात राज्याच्या अंगांवर ओढवणाऱ्या आपत्तींनाही व्यसनच म्हटले आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळावयाची १८ व्यसने आहेत : १० कामज (वासनेतून उपजणारी), ८ क्रोधज (क्रोधातून उपजणारी). मद्यपान व द्यूत यांच्या पंगतीला तेथे दिवसाची झोप आणि चहाडीही बसते. आजचा वैद्यकीय अर्थ या यादीत शोधणे धाडसाचे होईल.

व्यसनास रोग कधीपासून मानू लागले, हा वादाचा विषय आहे. समाजशास्त्रज्ञ हॅरी लेव्हिन यांनी १९७८ मध्ये ही कल्पना अठराव्या शतकाच्या अखेरीची ठरवली. अमेरिकेत बेंजामिन रश (१७८४ च्या सुमारास) आणि ब्रिटनमध्ये टॉमस ट्रॉटर या वैद्यांचे लेखन त्यास आधारभूत मानले जाते. मात्र संशोधक जेसिका वॉर्नर यांनी १९९४ मध्ये सतराव्या शतकातील इंग्लिश धर्मोपदेशकांच्या प्रवचनांत अशीच भाषा दाखवून दिली. हा आक्षेप डावलता येत नाही. तथापि प्रवचनातला ‘रोग’ शब्दशः घ्यावा की रूपक म्हणून, हे ठरल्याशिवाय लेव्हिन यांचे मत सर्वस्वी सोडण्याचे कारण दिसत नाही. स्वीडिश वैद्य मॅग्नस हुस यांनी १८४९ मध्ये दीर्घकालीन मद्यविकारास स्वतंत्र नाव दिले, तेथून पुढचा इतिहास तुलनेने निर्विवाद आहे.

‘सवय’ आणि ‘व्यसन’ यांत रेघ ओढण्याचा प्रयत्न जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९५७ मध्ये केला. वापरात गोंधळ होऊ लागल्याने १९६४ मध्ये दोन्ही संज्ञांऐवजी ‘अवलंबित्व’ ही संज्ञा सुचवण्यात आली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात पदार्थसेवनविकाराचे ११ निकष आहेत. १२ महिन्यांत त्यांपैकी किमान दोन आढळल्यास निदान होते. जुगाराचा समावेशही त्याच आवृत्तीत व्यसनविकारांत झाला.

मेंदूतील डोपामिन म्हणजे सुखाचे रसायन, ही लोकप्रिय समजूत अपुरी आहे. रॉबिन्सन व बेरिज या मेंदू-संशोधकांच्या १९९३ च्या उपपत्तीनुसार ‘हवेसे वाटणे’ आणि ‘आवडणे’ या दोन वेगळ्या प्रक्रिया असून वारंवार सेवनाने पहिलीच तीव्र होत जाते. गोडी संपल्यावरही तलफ का उरते, याचा उलगडा त्यामुळे बराचसा होतो. जागा, वेळ, सोबती, मनःस्थिती असे जुने संकेत तलफ जागी करतात. म्हणूनच निव्वळ निर्धारावर विसंबणारे उपाय तोकडे पडतात.

दारू किंवा झोपेच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्याने त्या एकदम बंद केल्यास झटके व भ्रम संभवतात. ही पायरी वैद्यकीय देखरेखीखालीच असावी. अफूवर्गीय पदार्थांसाठी मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन, तर मद्यासाठी नालट्रेक्सोन ही औषधे वापरतात. पुढचे काम सवयींचे. संकेत टाळणे, ‘तलफ आली तर अमुक करीन’ असे आधीच ठरवणे, झोप-जेवणाच्या वेळा बांधणे आणि रिकाम्या झालेल्या वेळेत दुसरे काम रुजवणे यांवर भर असतो. सवय २१ दिवसांत लागते या समजुतीस भक्कम आधार नाही. लंडनमधील एका अभ्यासात (लॅली व सहकारी, २०१० च्या सुमारास) मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना अधिक लागलेला काळ) ६६ दिवस आला, पण व्यक्तिपरत्वे अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. तो अभ्यास आहार व व्यायामाच्या साध्या सवयींचा असल्याने व्यसनमुक्तीस जसाच्या तसा लावता येत नाही.

एकदा पाय घसरणे आणि पूर्ववत व्यसनात जाणे यांत मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी फरक केला. ‘आता सगळेच संपले’ ही अपराधी भावनाच पहिल्यातून दुसऱ्याकडे नेते, असे त्यांचे निरीक्षण होते. अफूवर्गीय पदार्थांबाबत शारीरिक धोका वेगळाच आहे : काही काळ बंद ठेवल्यावर शरीराची सहनक्षमता उतरते आणि पूर्वी पचलेली मात्रा प्राणघातक ठरू शकते.